पलंग कसा हवा, हे विचारायचे राहून गेले

मुलीचा निकाह ठरला आणि आमच्या घरात दोनशे पानी वही आली. पहिल्या पानावर तारीख, दुसऱ्यावर आचाऱ्याचा हिशेब, तिसऱ्यावर मंडप आणि खुर्च्या. 'पाहुण्यांची झोपण्याची सोय' हे शब्द अकराव्या पानावर होते आणि त्याखाली एकच ओळ होती : १५ माणसे, ७ खोल्या, एक जादा गादी. ही ओळ लिहून आम्ही दोघे नवरा-बायको निर्धास्त झालो. पुढे जे झाले ते या एका ओळीमुळे झाले, म्हणून वाचक भगिनी-बंधूंना ते सांगावेसे वाटते. हल्ली लग्न असो की अकीका, पाहुण्यांसाठी लॉजच्या खोल्या घेण्याची वेळ बहुतेक घरांवर येते. आमची चूक वाचून कुणा एकाची रात्र सुखाची गेली तरी पुष्कळ.

आम्ही इंदापूरचे. वराकडची मंडळी मुंब्र्याची. जानेवारी २०२३ मधला रविवार ठरला होता, जुहरच्या नमाजनंतर निकाह. पाहुणे सतरा सीटच्या ट्रॅव्हलरने आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचणार होते. आमचे घर तीन खोल्यांचे. सोलापूर आणि मिरजेहून आलेल्या आमच्याच नातलगांनी ते आधीच भरून गेले होते. शिवाय जानेवारी महिना. लग्नसराई एकीकडे, आणि दुसरीकडे उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव भागात आलेले रोहित पक्षी. ते पाहायला शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसे कॅमेरे घेऊन येतात. इंदापुरात एकाच ठिकाणी सात खोल्या मिळेनात. शेवटी पन्नासेक किलोमीटरवरच्या बारामतीत चौकशी केली. "सात डबल रूम पाहिजेत, एकीत जादा बेड," असे फोनवर सांगितले. "मिळतील," असे उत्तर आले. आम्ही ॲडव्हान्स पाठवला आणि वहीतल्या त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

'डबल' हा शब्द आम्ही कुठून शिकलो, तेही सांगायला हवे. २०१९ मध्ये आम्ही उमराह करून आलो. टूरवाल्याच्या पत्रकात डबल, ट्रिपल, क्वाड असे शेअरिंगचे दर होते. डबल म्हणजे खोलीत दोघे, क्वाड म्हणजे चौघे. मक्का आणि मदिना, दोन्हीकडे आमच्या खोलीत माणशी एक सुटा पलंग होता. त्यामुळे डबल म्हणजे दोन माणसे आणि दोन पलंग, हे आमच्या डोक्यात पक्के बसले. दुसरा काही अर्थ असू शकेल अशी शंकाही आली नाही.

शनिवारी रात्री साडेदहाला आम्ही बारामतीला फोन केला. व्याही म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह, सगळं छान आहे. तुम्ही आराम करा." आम्हीही शुक्र मानून पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी निकाह चांगला पार पडला. नवऱ्या मुलाचे थोरले मामू गवाह होते. वय सत्तरीच्या जवळ, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, बोलणे मोजके आणि गोड. सही करताना त्यांचे डोळे लाल दिसले. दुआ झाली, छुआरे वाटले आणि थोड्याच वेळात मामूजान खुर्चीत बसल्या बसल्या पेंगू लागले. आमच्याकडचे कोणीतरी म्हणाले, "मामूजानना बिर्याणीच्या आधीच झोप आली!" सगळे हसले. आम्हीही हसलो. मामूजान दचकून जागे झाले आणि तेही आमच्याबरोबर हसले.

त्या हसण्याचा अर्थ आम्हाला तीन महिन्यांनी कळला. मुलगी ईदला घरी आली होती. दुपारी ती तिच्या अम्मीजवळ बसून म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. मामूजान त्या रात्री झोपलेच नव्हते."

मामूजानची खोली घरच्या जावईबुवांबरोबर होती. म्हणजे वराच्या मोठ्या बहिणीचे यजमान, वय बत्तीस. खोलीत एकच मोठा पलंग, त्यावर एकच चादर आणि एकच ब्लँकेट. दोघांची ओळख लग्नकार्यात सलाम-दुआ करण्यापुरती. मामूजानना दोन वर्षांपासून लघवीचा त्रास. रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागते. पलंग भिंतीला लागून होता आणि मामूजान भिंतीच्या बाजूला. प्रत्येक वेळी जावयाला ओलांडून जायचे, दिवा लावायचा, परत ओलांडून यायचे. एकदा उठले, दुसऱ्यांदा उठले. बाराच्या सुमारास त्यांनी आपली शाल घेतली, आवाज न करता दार ओढून घेतले आणि काउंटरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. जानेवारीची थंडी. फजरपर्यंत ते तिथेच होते. पहाटे काउंटरवरच्या मुलाने त्यांना चहा पाजला. जावईबुवांना जाग आली तेव्हा वाटले, मामूजान लवकर उठून नमाजला गेले असावेत. खरी गोष्ट मुंब्र्याला गेल्यावर मामीजाननी त्यांच्याकडून काढून घेतली.

मग एकेक खोली उघडत गेली. वराच्या दोन फुफींचे गुडघे धरलेले. त्यांना दुसरा मजला मिळाला, लिफ्ट नाही, आणि संडास देशी पद्धतीचा. खाली बसता येईना, बसल्यावर उठता येईना. एका खोलीत आई-वडील आणि चौदा वर्षांची मुलगी. 'जादा बेड' म्हणून आली ती एक पातळ गादी. ती पलंग आणि बाथरूमचे दार यांच्यामधल्या जागेतच मावत होती. मायलेकी पलंगावर झोपल्या, वडील गादीवर, आणि रात्री ज्याला बाथरूमला जायचे त्याने वडिलांना ओलांडून जायचे. ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर तर आमच्या १५ माणसांत नव्हताच. तो गाडीतल्या सीटवर झोपला आणि सकाळी त्यानेच सगळ्यांना पन्नास किलोमीटर सुखरूप आणले.

सोळाव्या शतकात शेरशहा सूरीने मोठ्या रस्त्यांवर सराया बांधल्या. त्यांत मुसाफिरांसाठी गरम पाणी, जेवण आणि खाटांची सोय असे, आणि घोड्यांसाठी दाणाही असे, असे त्या काळाचा इतिहास सांगतो. त्या सरायांत घोडासुद्धा मोजला जात होता. आम्ही गाडी चालवणाऱ्या माणसालाही मोजले नव्हते.

पहिला राग लॉजवाल्यांवर आला, हे कबूल करतो. पैसे घेतले आणि एक पलंग दिला! महिन्याभराने डोळे तपासायला बारामतीला जाणे झाले, तेव्हा मुद्दाम त्या लॉजवर गेलो. काउंटरवर तोच मुलगा होता. त्याला मामूजान आठवत होते. "शालवाले बाबा ना? मी विचारलं होतं त्यांना, काही त्रास आहे का. म्हणाले, नाही बेटा, मला झोप येत नाही." मग त्याने रजिस्टर उघडून आमची नोंद दाखवली : सात डबल, एक जादा बेड. "काका, डबल म्हणजे आमच्याकडे एक मोठा पलंग. दोन सुटे पलंग हवे असले तर ट्विन म्हणायचं. एमआयडीसीतल्या कंपन्यांची माणसं येतात, ती ट्विनच मागतात. त्या रात्री आमच्या चार ट्विन रिकाम्या होत्या."

चार रिकाम्या होत्या! मामूजान ज्या खुर्चीत बसले होते तिच्यापासून काही पावलांवर दोन सुट्या पलंगांच्या खोल्या कुलूप लावून ठेवलेल्या होत्या. त्या मुलाशी भांडायला गेलेलो आम्ही, त्याचे आभार मानून परतलो.

त्या दिवशी आणि पुढे विचारपूस करताना जे समजले ते थोडक्यात सांगतो. सिंगल पलंगाची रुंदी साधारण तीन फूट असते, क्वीन म्हणतात त्याची पाच फूट आणि किंगची सहा फूट. म्हणजे क्वीन पलंगावर दोघे झोपले तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच फूट येतात, सिंगलपेक्षाही कमी. नवरा-बायकोला ते चालते. दोन परक्या माणसांना ती शिक्षा आहे. काही ठिकाणी दोन सिंगल पलंग एकमेकांना लावून वर एकच चादर घातलेली असते. असे पलंग सुटे करून मिळतात, पण आधी सांगावे लागते. जादा बेड म्हणजे कुठे घडीची खाट असते, तर कुठे नुसती जमिनीवरची गादी. मोबाइलवरून खोली घेताना पलंगाचा प्रकार निवडायची सोय असते, पण बऱ्याचदा ती विनंती समजली जाते, हमी नव्हे. ती पक्की करायची तर लॉजवर फोन करून, बोलणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे आणि आदल्या दिवशी पुन्हा आठवण द्यावी. खोली दुपारी बारापासून मोजतात की आल्यापासून चोवीस तास, हेही तेव्हाच विचारावे.

पण शब्द समजले म्हणून सगळे समजले असे झाले नाही. आमच्या मनात राहून राहून दादी येत होत्या.

आमचे जुने गाव उजनीच्या पाण्याखाली गेले. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले, त्याच्या आधीच आमच्या वडीलधाऱ्यांनी बिऱ्हाड हलवले होते. त्या घराला लांबलचक ओसरी होती आणि माजघरात गोदड्यांची कमरेइतकी थप्पी. लग्नाला चाळीस माणसे मुक्कामी असली तरी पलंग एकच, तोही बाळंतिणीसाठी. रात्री जेवणे उरकली की दादी कंदील घेऊन उभ्या राहत आणि जागा सांगत. म्हाताऱ्यांना दाराजवळ, म्हणजे रात्री उठताना कुणाला ओलांडावे लागत नाही. खोकला असलेल्याला वाऱ्यापासून लांब. लेकुरवाळीला भिंतीकडेला. जावयाला ओसरीच्या टोकाला, स्वतंत्र गोदडी आणि उशाला पाण्याचा तांब्या. प्रत्येकाला वेगळे पांघरूण. दादींना कुणी काही सांगत नसे आणि त्याही कुणाला काही विचारत नसत. कोण रात्री किती वेळा उठतो, हे त्यांना ठाऊक असे. जपानमधल्या जुन्या पद्धतीच्या मुसाफिरखान्यांत आजही चटईवर माणशी एक गादी अंथरतात, हे वाचले तेव्हा आम्हाला दादींची ओसरीच दिसली.

आता पाहुणे ओसरीवर झोपत नाहीत. ते पन्नास किलोमीटरवरच्या खोलीत झोपतात आणि खोली देणाऱ्याला त्यांच्याबद्दल आपण सांगू तेवढेच कळते. दादी जे न विचारता जाणत होत्या, ते आम्हाला विचारूनच घ्यावे लागेल.

अंथरुणासारखी घरगुती गोष्टही आपल्या दीनने बारीक विचारात घेतलेली आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची एक हदीस आहे. तिचा आशय असा की घरात एक बिछाना माणसाचा, एक त्याच्या पत्नीचा, तिसरा पाहुण्याचा, आणि त्यापुढचा चौथा सैतानाचा. आम्ही ही हदीस नेहमी उधळपट्टीच्या संदर्भात ऐकली होती. त्या दिवसांत पुन्हा वाचली तेव्हा नजर तिसऱ्या बिछान्यावर थांबली. फालतू म्हणून जे टाकले त्यात पाहुण्याचा बिछाना नाही. तो घराच्या गरजेत धरला आहे. पत्नीचा बिछाना वेगळा का मोजला, यावर इमाम नववी लिहितात की आजारपणासारख्या प्रसंगी दोघांना वेगळ्या बिछान्याची गरज पडू शकते. जिथे पती-पत्नीसाठीही हा विचार आहे, तिथे आम्ही सत्तरीचा आजारी माणूस आणि एक तरुण जावई यांना एका ब्लँकेटखाली पाठवले होते. दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी एका पांघरुणात झोपू नये, आणि मुले दहा वर्षांची झाली की त्यांचे बिछाने वेगळे करावेत, ही शिकवण आम्ही स्वतःच मुलांना दिलेली. वहीत ओळ लिहिताना मात्र ती आठवली नाही, कारण तिथे माणसे नव्हती, १५ हा आकडा होता.

मग वाटले, पाहुण्याने सांगायला नको का? सांगायला हवे. पाहुणा गप्प राहिला तर यजमानाला काय कळणार? आपल्याकडे आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. आमच्या गल्लीतही वारकरी मुक्कामाला असतात. ते दारात येऊन सरळ सांगतात, "दोन म्हाताऱ्या आहेत, त्यांना आत जागा द्या. आम्ही बाहेर पडू." मागण्यात संकोच नाही आणि देण्यात गोंधळ नाही. पण लग्नातला पाहुणा तसे बोलत नाही. त्यातून वराकडचा बुजुर्ग माणूस मुलीच्या बापाला रात्री अकरा वाजता फोन करून लघवीचा त्रास सांगेल का? मामूजानना वाटले असणार, मुलीवाल्यांचा आधीच एवढा खर्च झाला आहे, आणखी एक खोली कशाला मागायची? त्यांनी आमचा मान राखला आणि स्वतः खुर्चीत बसले. म्हणून पाहुण्याने सांगावे हे खरे असले, तरी आधी विचारण्याचे काम यजमानाचेच.

आता आम्ही विचारतो, आणि ज्याची सोय करायची त्याला न विचारता त्याच्या घरातल्या बाईमाणसाला विचारतो. मामूजानना विचारले असते तर ते म्हणाले असते, "काही नको, कुठेही झोपेन." मामीजानना विचारले असते तर त्यांनी एका मिनिटात सगळे सांगितले असते. प्रश्नही आजाराचे नसतात, पलंगाचे असतात. सुटा पलंग की मोठा? खालचा मजला हवा का? संडास कमोडचा हवा का? रात्री उठण्याची सवय आहे का, म्हणजे बाथरूमकडची बाजू ठेवता येईल? खोलीत सोबत कोण चालेल? मुलांची वये काय? आणि शेवटचा प्रश्न, गाडीबरोबर कोण येणार? हे विचारायला घरटी पाच मिनिटे लागतात. कुणालाही आपली दुखणी उघडी केल्यासारखे वाटत नाही. उलट "एवढं विचारलंत!" म्हणून बरे वाटते.

खर्चाचे म्हणाल तर आम्ही चौकशी केली तिथे एक पलंग आणि दोन पलंग यांच्या भाड्यात फरक नव्हता. जिथे असेल तिथे मंडपाच्या दोन कमानी कमी कराव्यात. कमानी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. झोप न झालेली रात्र राहते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलीला मुलगा झाला. बाळंतपण बारामतीत झाले, अकीका सातव्या दिवशी इंदापुरात. हातात चार दिवस होते. पहिला फोन मामीजानना केला. त्या आधी हसल्या, मग थोडा वेळ गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "त्यांना खालचा मजला द्या. आणि नातवाला सोबत ठेवा. त्याच्यासमोर त्यांना संकोच वाटत नाही." आम्ही तसेच लिहून घेतले. या वेळी इंदापुरातच चार खोल्या मिळाल्या. आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहिल्या. मामूजानच्या खोलीतले जोडलेले पलंग सुटे करून घेतले, एक बाथरूमच्या दाराकडे ठेवला. घरून दोन वेगळी पांघरुणे नेली. त्यातली एक दादींच्या हातची गोदडी होती. ड्रायव्हरसाठी खाट आणि मच्छरदाणी सांगितली.

त्या रात्री आम्ही "सगळं छान आहे ना?" असा फोन केला नाही.

सकाळी फजरला मशिदीत मामूजान दिसले नाहीत. काळजाचा ठोका चुकला. नमाज संपताच लॉजवर गेलो, तर मामूजान नातवाचा हात धरून पायऱ्या उतरत होते. चेहरा धुतलेला, डोळे स्वच्छ, थोडे ओशाळलेले.

"माफ करा," ते म्हणाले, "अजान ऐकूच आली नाही. या पोराने हलवून उठवलं. नमाज खोलीतच पढलो." मग खांद्यावरची शाल नीट करत त्यांनी विचारले, "ती गोदडी कुणाच्या हातची हो?"